जुनी लोखंडी सायकल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या रोड सायकली आणि बिनगिअरच्या सायकलींबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. एकाच विषयाची पत्रं एकत्र करून त्यांतले प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: भंगारवाल्याकडे एक काळी, चोवीस इंची फ्रेमची, रॉड ब्रेकची सायकल पडून आहे. रंग बरा आहे. तो 'अँटिक' म्हणून चढा भाव सांगतोय. घ्यावी का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर: रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा, तो कुणीही मारून देतं. आधी हँडलच्या नळीमागे, आडवा दांडा आणि खालची तिरकी नळी जिथे येऊन मिळते, तिथे खालच्या अंगाने बोट फिरवा. उंचवटा किंवा सुरकुती हाताला लागली, किंवा रंगाला आडवी चीर दिसली, तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. "सरळ करून देतो" म्हणणारे भेटतील. पण मुरडलेल्या नळीतली ताकद परत येत नाही, अशी फ्रेम सोडून द्या.

मग बाजूला उभं राहून चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा, बघा. चिमट्याचा वरचा सरळ भाग हँडलच्या नळीच्या रेषेतच हवा आणि खालचं टोक पुढे वळलेलं हवं. सगळा चिमटाच मागे रेटलेला दिसला तर तीही धडकच. मात्र फ्रेम शाबूत असेल तर चिमटा बदलता येतो, तेवढ्यासाठी सायकल नाकारू नका.

तिसरी परीक्षा दोरीची. मागचं चाक काढा. बारीक दोरी मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या डाव्या खाचेत बांधून हँडलच्या नळीला वळसा घाला आणि उजव्या खाचेत आणून ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक या सायकलींत कारखान्यातूनच आलेला असतो. चार-पाच मिलिमीटर निघाला तर हात सोडल्यावर सायकल एका अंगाला ओढेल आणि चेनही तिरकी चालेल.

सीटचा बोल्ट ढिला करून सीट पिलर फिरतो का, हेही तिथेच बघा. गंजून घट्ट बसलेला पिलर काढताना नळीच फाटू शकते.

भाव कशावर पाडायचा? चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र), काटर पिन (पेडलचा दांडा एक्सलला पक्का धरणारी खुंटी), छर्रे, बीबीचा (फ्रेमच्या तळाशी पेडलचे दांडे जिथे जोडलेले असतात तिथली आडवी नळी) एक्सल, टायर-ट्यूब हे सगळं आजही तालुक्याच्या सायकल दुकानात मिळतं, त्यामुळे ते झिजलेलं असेल तरी बिघडत नाही. अखंड चेनकव्हर, कंपनीचा पितळी बिल्ला, मूळ चामड्याची सीट मात्र शोधून सापडत नाही. या वस्तू असतील तर थोडे जास्त पैसे द्या, नसतील तर वजनावर घ्या. अशी सायकल साधारण वीस-बावीस किलो भरते.

हीरो, ॲटलस, आणि अंबत्तूरच्या टीआय सायकल्सच्या हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए यांचे बहुतेक भाग एकमेकांना चालतात. रॅलेच्या जुन्या सायकलीत मात्र बीबीचे आटे इंचाला २४ ऐवजी २६ असू शकतात. दुकानातली नवी वाटी (छर्रे जिच्यात फिरतात ती) दोन आटे जाऊन अडली तर पाना लावून रेटू नका, आटे मरतील.

आणि पावती घ्या, साध्या कागदावर का होईना. त्यात फ्रेम नंबर हवा. तो सीटच्या नळीच्या वरच्या टोकाशी किंवा बीबीच्या खाली ठोकलेला असतो. नंबर कानशीने घासलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

प्रश्न: वडिलांची सायकल २०१९ च्या पुरात तीन दिवस पाण्याखाली होती. तेव्हापासून माळ्यावर आहे. चाकं फिरतात, पण करकरतात. नुसतं तेल सोडून चालेल का? (सांगलीवाडी)

उत्तर: नाही. करकर आहे ती कृष्णेच्या गाळाची. तेल सोडलं की गाळ आणि तेल मिळून घासायची पेस्ट तयार होते आणि कोन (छर्ऱ्यांना टेकणारा शंकूसारखा नट) आणि वाट्या आणखी खाल्ल्या जातात. चाक न फिरवता सायकल पूर्ण खोला.

खोलताना दोन ठिकाणी आटे उलटे असतात. डावं पेडल आणि बीबीची उजवीकडची, म्हणजे चेनच्या बाजूची वाटी घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. उजवी वाटी चांगली असेल तर तिला हात लावू नका, डावीकडूनच एक्सल आणि छर्रे बाहेर येतात.

आता फ्रेमच्या आतला गाळ. सीट पिलर काढून फ्रेम अशी टांगा की बीबी सगळ्यात खाली येईल, आणि सीटच्या नळीतून पाईपने पाणी सोडा. खाली स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहा. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांना वायुवीजनाची छोटी भोकं असतात आणि ती मातीने बुजलेली असतात. स्पोकचा तुकडा घालून ती मोकळी करा, नाहीतर ओल आतच राहते. मग कडक उन्हात दोन दिवस वाळवा.

वाळल्यावर पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल आणा. पन्नास-साठ मिली सीटच्या नळीतून ओता आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी कलती करत फिरवा. जास्तीचं तेल रात्रभर निथळू द्या. हे तेल हवेने सुकून आतून पातळ साय धरतं आणि गंज थांबतो. पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवून मगच टाका.

छर्रे सगळे नवे घ्या, जुने धुऊन वापरण्यात काही वाचत नाही. पुढच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीला, दोन्ही बाजूंना दहा-दहा, ३/१६ इंची. मागच्या हबला नऊ-नऊ आणि बीबीला अकरा-अकरा, पाव इंची. हँडलच्या वाट्यांसाठी जुना छर्रा नमुना म्हणून दुकानात घेऊन जा, तिथे मापं वेगवेगळी निघतात. कोनवर नख फिरवा. नख अडकलं तर कोन बदला. हबच्या आतल्या वाटीला खड्डे असतील तर हब बदलण्याशिवाय इलाज नाही.

क्रोमवरच्या वरवरच्या गंजाला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी पुरतो. सँडपेपर नको, त्याने उरलेला क्रोमही जातो.

प्रश्न: साताऱ्यात राहतो. २८ इंची सिंगल गिअर सायकल आहे, पुढे ४८ दाते, मागे १८. कासला जायचं आहे. यवतेश्वरचा घाट चढेल का? वजन ७५ किलो. (शाहूपुरी, सातारा)

उत्तर: या गिअरवर नाही. किंवा चढेल, पण गुडघे तक्रार करतील.

हिशेब असा. २८ बाय दीडच्या टायरचा घेर सुमारे २.२३ मीटर. ४८ ला १८ ने भागून या घेराने गुणलं की पेडलच्या एका फेरीत सायकल ५.९५ मीटर जाते. समजा चढ शंभराला सहा आहे आणि तुम्ही ताशी १० किलोमीटरने जाताय. तर पेडलच्या मिनिटाला जेमतेम २८ फेऱ्या होतात आणि साडेसहा इंची क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) सरासरी ३७ किलोचा दाब सतत द्यावा लागतो. सरासरी म्हणजे क्रँक आडवा असताना त्याच्या दुपटीच्या जवळपास, म्हणजे तुमचं जवळजवळ सगळं वजन. सपाटीवर ठीक, घाटात अर्ध्या तासाने पाय संपतात.

पुढचं चक्र बदलायला जाऊ नका. या सायकलींत ते उजव्या क्रँकला पक्कं जोडलेलं असतं, सगळा क्रँकच बदलावा लागतो. मागचं फ्रीव्हील २२ दात्यांचं घाला. एका फेरीत ४.८७ मीटर, त्याच वेगाला ३४ फेऱ्या, दाब सुमारे ३० किलो. कधी पुढे ४४ चा क्रँक मिळाला तर ४४ ला २२ म्हणजे नेमके ४.४६ मीटर आणि दाब २८ किलो. कास-सज्जनगडाकडे नेहमी जाणाऱ्याला हाच गिअर सोयीचा. सपाटीवर मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी २१ किलोमीटर मिळतातच, कोरेगावच्या रस्त्यावर तेवढे पुरे.

१८ काढून २२ घातलं की चार दाते वाढतात आणि चाक अर्धा इंच पुढे येतं. तुमचं चाक आत्ता खाचेत मागच्या टोकाला असेल तर तीच चेन चालेल. खाचेच्या पुढच्या टोकाला असेल तर चेनमध्ये एक इंचाची भर घालावी लागेल. चाक कसल्यावर चेन वर-खाली मिळून अर्धा इंच हलली पाहिजे. पेडल फिरवत चार ठिकाणी बघा, कारण ही चक्रं क्वचितच पूर्ण गोल असतात. जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे अर्धा इंच ठेवा.

फ्रीव्हील काढताना त्याच्या दोन खाचांत बसणारा पाना लागतो आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. पाना नुसता धरून हातोडी मारली की खाचेचा काठ तुटतो आणि मग फ्रीव्हील फोडूनच काढावं लागतं. पाना खाचांत बसवून वरून एक्सलचा नट हाताने कसा. पाना वायसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) पकडा आणि चाक दोन्ही हातांनी घड्याळाच्या उलट फिरवा. पहिला झटका बसून सुटलं की लगेच नट ढिला करा, नाहीतर एक्सलचे आटे ओढले जातात. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा. ते पेडलच्या जोराने स्वतःच घट्ट होतं, ठोकायची गरज नाही.

चेन जुनी असेल तर तीही मोजा. १२ इंचांत २४ कड्या नेमक्या बसायला हव्यात, म्हणजे पहिल्या पिनपासून पंचविसावी पिन बरोबर १२ इंचांवर. १/१६ इंच वाढली तर चेन बदला. १/८ वाढली असेल तर फ्रीव्हीलही गेलेलं असतं, नवी चेन त्यावर उडत राहील.

समर्थ मंदिरावरून घाटाला लागल्यावर पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू जा. दम लागला तर उतरून ढकला, सिंगल गिअरचा दुसरा गिअर तोच. येताना उतार आहे हे विसरू नका. निघण्यापूर्वी रॉड ब्रेकचा प्रत्येक नट तपासा, ब्रेकचं रबर रिमपासून ३ मिलिमीटरवर ठेवा. सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी हा रस्ता सायकलीसाठी नाहीच.

प्रश्न: पेडल मारताना प्रत्येक फेरीला एकदा 'कट्' असा आवाज आणि पायाला हिसका. काटर पिनचा नट दोनदा कसला, दोन दिवसांत पुन्हा तेच. (कराड)

उत्तर: नटाने काटर पिन बसत नाही. पिन ठोकून बसवायची असते, नट फक्त ती मागे येऊ नये म्हणून. नटाने ओढत गेलात तर पिनचे आटे ताणले जातात. ढिली पिन तशीच चालवली तर एक्सलची सपाट खाचही खाल्ली जाते, मग पन्नास नव्या पिना घातल्या तरी आवाज राहतो.

जुनी पिन काढायला नट इतका सोडा की तो आट्यांच्या टोकाशी सपाट येईल. क्रँकच्या खाली, पिनचं डोकं आत जाईल असा लोखंडी पाईपचा तुकडा जमिनीवर टेकवून उभा करा. हा टेकू नसेल तर हातोडीचा मार छर्ऱ्यांवर जातो आणि बीबीच्या वाटीत खळगे पडतात. मग जड हातोडीचा एकच सणसणीत घाव. बारीक ठोकत बसलात तर पिन वाकते आणि ड्रिल मारून काढावी लागते.

नवी पिन बसवून बघा. तिच्या सपाट बाजूवर चकाकणारी रेष फक्त एका टोकाला उमटली तर कानशीने तेवढंच घासा, पूर्ण सपाटी एक्सलला टेकेपर्यंत. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पेडल मारताना लंगडल्यासारखं वाटतं. टेकू लावून ठोका, नट कसा, ३०-४० किलोमीटर चालवा, पुन्हा ठोका, पुन्हा कसा. ही शेवटची पायरी दुकानात कुणी करत नाही, म्हणून आवाज परत येतो.

पिन घेताना जुनी सोबत न्या. ९.५ मिलिमीटरच्या भोकात ९ ची पिन जाते, पण राहत नाही.

प्रश्न: काकांनी इंग्लंडहून आणलेली, खाली वळलेल्या हँडलची सायकल आहे. फ्रेमवर 'रेनॉल्ड्स ५३१' चा स्टिकर. टायर २७ बाय सव्वा, ते इथे मिळत नाहीत. दुकानदार २८ चा टायर घालून देतो म्हणतो. (मिरज)

उत्तर: घालू देऊ नका. २७ च्या रिमवर टायर बसतो ती जागा ६३० मिलिमीटर व्यासाची, आपल्या काळ्या सायकलीच्या २८ बाय दीडची ६३५. पाच मिलिमीटरने सैल टायर हवा भरताना किंवा त्याहून वाईट म्हणजे उतारावर रिममधून बाहेर येतो.

बरा मार्ग म्हणजे ७०० सी ची चाकं, ६२२ मिलिमीटरची. ती आजच्या रोड सायकलींची असल्याने टायर सहज मिळतात. टायरवर '७०० बाय २८' असतं त्यातला २८ हा रुंदीचा आकडा आहे, इंच नव्हेत. त्रिज्येत चार मिलिमीटरचा फरक पडतो, तेवढं ब्रेकचं रबर खाली सरकायला हवं. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा उरली आहे का, हे चाकं घेण्याआधी पट्टी लावून बघा.

मागच्या चाकाची रुंदीही मोजा. पाच गिअरच्या काळातल्या फ्रेममध्ये १२० मिलिमीटर, सहाच्या काळातल्या १२६, आणि नंतरची रोड चाकं १३०. पोलादी फ्रेम चार मिलिमीटर हाताने फाकवून चाक बसतं. १२० ची १३० करायची असेल तर दोन्ही बाजू सारख्या वाकवून घ्याव्या लागतात, पहिल्या उत्तरातली दोरीची परीक्षा तिथेही करा.

मूळ रिम ठेवणार असाल आणि तिच्या आतल्या कडा सरळ असतील, टायर धरणारा ओठ नसेल, तर ७० पौंडांच्या वर हवा भरू नका.

५३१ ही १९३५ पासूनची पातळ, हलकी आणि मजबूत नळी. स्टिकर कुणीही चिकटवतं, म्हणून सीट पिलर काढून मोजा. २७.२ मिलिमीटर निघाला तर स्टिकर खरा असण्याची शक्यता मोठी, २६ च्या आत निघाला तर नळी बहुधा जाड आणि साधी. खरी निघाली तर तिच्यावर आर्क वेल्डिंग कधीही करू देऊ नका, जोडाशेजारी नळी जळून तुटते. गॅसवर पितळ किंवा चांदीचा जोड देणारा कारागीर गाठा.

प्रश्न: जुन्या सायकलीच्या मागच्या हबवर 'स्टर्मी आर्चर एडब्ल्यू' आणि खाली '५७ ११' कोरलंय. तीन गिअर आहेत म्हणतात, पण मधल्यात पेडल अचानक मोकळं फिरतं. (किर्लोस्करवाडी)

उत्तर: तुमच्या हाती चांगली वस्तू आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली होती, तेव्हा ही तुमच्याच गावात निघावी हेही बरं.

ते आकडे बनावटीचे, नोव्हेंबर १९५७. पहिला गिअर मधल्याच्या पाऊण, तिसरा सव्वापटीहून थोडा जास्त. मोकळं फिरतं ते केबलच्या ढिलाईने, हब बहुधा बिघडलेला नसतो. लिव्हर मधल्या गिअरवर ठेवा. उजव्या नटाला एक झरोका आहे, त्यातून आत जाणारी बारीक साखळी दिसते. साखळीच्या दांडीचा जाड भाग एक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट येईल इतकी केबल ताणा. ते जुळेपर्यंत उभं राहून पेडल मारू नका, मोकळं सुटलं तर दांड्यावर आपटाल.

हबवर तेलाची टोपी आहे. महिन्यातून एकदा चमचाभर पातळ मशीन ऑइल घाला. खोबरेल किंवा गोडंतेल घालू नका, ते आत चिकट होऊन गिअर अडकतात.

प्रश्न: साध्या हबवर फ्रीव्हील वेल्ड करून 'फिक्स' सायकल (पेडल चाकाबरोबर सतत फिरतं, मोकळं सुटत नाही अशी) करून मिळते. करावी का? (वाई)

उत्तर: करू नका. फ्रीव्हीलच्या हबला उलट दिशेला धरून ठेवणारी लॉकरिंग नसते. मागे जोर देऊन थांबायला गेलात की चक्र आट्यांवरून सुटतं आणि ब्रेक म्हणून काहीच उरत नाही. फिक्सच हवी असेल तर उलट्या आट्यांची लॉकरिंग असलेला हब घ्या, आणि तरीही पुढचा ब्रेक ठेवा. पसरणी घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याने तर नक्कीच.

प्रश्न: बीएसए एसएलआर आहे, २६ बाय १-३/८. पावसात ब्रेक लागतच नाही. आणि पंक्चर फार होतात. (इस्लामपूर)

उत्तर: क्रोमच्या लोखंडी रिमवर पाणी असलं की रबर घसरतं, रबर बदलून थोडाच फरक पडतो. खरा उपाय ५९० मिलिमीटरची ॲल्युमिनियम रिम. एमटीबीची (माउंटन बाइकची) २६ इंची रिम ५५९ ची असते, ती घेतलीत तर ब्रेक रिमपर्यंत पोहोचणारच नाही. तोवर पावसात थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्या, मग जोर द्या. दुकानात रॉड ब्रेकची वळलेल्या कडांची रिम गळ्यात मारतील, तीही घेऊ नका, तिच्या बाजू तुमच्या ब्रेकला पकडायला सपाट नसतात.

पंक्चरचं मूळ बहुतेक वेळा कमी हवेत असतं. देशी ट्यूबच्या वॉल्व्हवर गेज नीट दाखवत नाही, त्यामुळे अंगठ्यावर काम चालतं. सीटवर बसल्यावर मागचा टायर खाली किंचितच पसरला पाहिजे. वॉल्व्हमधली रबरी नळी दर उन्हाळ्यात बदला, ती कडक झाली की रात्रीत हवा उतरते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. बाभळीचा काटा आणि सराटा यांच्यासाठी जुनी ट्यूब कापून टायरच्या आत अस्तर घाला. दोन्ही टोकं कात्रीने तिरकी, पातळ करून घ्या, नाहीतर त्या जाड काठानेच आतली ट्यूब घासून फुटते. उसाच्या हंगामात कडेच्या मातीत काटे आणि चिपाडं असतात, पण म्हणून अंधारात डांबराच्या मधून जाऊ नका. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असं नाही, आणि तुमच्या मागच्या मडगार्डलाही लाल रिफ्लेक्टर हवा.